नोटिशीखाली ‘आयुक्तांकरिता’ लिहिलेलं असतं, तेव्हा निर्णय कोणाचा असतो?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही एका आमदारांच्या कार्यालयात काम करता. तुमच्या शहराच्या महापालिकेत अनधिकृत बांधकामाच्या नोटिसा कनिष्ठ अभियंत्याच्या सहीने निघतात. मालमत्ता कराच्या हरकतींची सुनावणी एका खासगी कंपनीची माणसं घेतात. विचारलं की ‘आयुक्तांनी अधिकार दिलेले आहेत’ एवढंच उत्तर येतं. कायद्याने महापालिकेवर टाकलेलं काम असं दुसऱ्याच्या हाती देता येतं का, आणि विधिमंडळाला ते तपासता येतं का, हे तुम्हाला हवं आहे.

दोन्हींचं उत्तर ‘हो’ आहे. पहिल्या ‘हो’ला अटी आहेत, आणि दुसरा ‘हो’ फारसा वापरला जात नाही. विधिमंडळाच्या समित्यांसाठी प्रश्नावल्या करण्यात आणि साक्षींची टिपणं काढण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली, म्हणून हा विषय मला जवळचा आहे. सभागृहात निधी, रस्ते, टेंडर यांवर तासन्‌तास चर्चा होते. पण ज्या सहीने एखाद्याचं घर पाडलं जातं, ती सही करण्याचा अधिकार त्या माणसाकडे कुठून आला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

मुंबई सोडून राज्यातल्या बाकीच्या महापालिकांना 1949 चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. त्याचं कलम 69 समोर ठेवा. आयुक्तांना मिळालेले अधिकार त्यांनी नेमून दिलेला महापालिका अधिकारी वापरू शकतो, असं ते सांगतं. पण त्यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. आदेश लेखी हवा. अधिकार वापरला जाईल तो आयुक्तांच्या नियंत्रणाखाली, आणि त्यात फेरबदल करण्याचा त्यांचा हक्क कायम राहून. आयुक्त त्याला अटी आणि मर्यादा घालू शकतात. आणि काही ठरावीक कलमांखालचे अधिकार स्थायी समितीच्या पूर्वमान्यतेशिवाय खाली देता येत नाहीत. मुंबईसाठी 1888 चा कायदा आहे, त्यात हेच काम कलम 68 करतं.

म्हणजे ‘आयुक्तांनी अधिकार दिलेत’ हे उत्तर अर्धवट आहे. कोणत्या तारखेच्या आदेशाने दिले, कोणत्या कलमाखालचे, कोणत्या पदनामाला, कोणत्या मर्यादेत, हे त्यात नाही.

बांधकामाच्या नोटिशीत एक बारकावा आहे, तो अनेक वकिलांच्याही नजरेतून सुटतो. नोटीस नेमकी कोणत्या कायद्याखाली निघाली ते आधी बघा. 1949 च्या अधिनियमाच्या कलम 260 खाली असेल, तर कलम 69 चा आदेश लागेल. पण नोटीस प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 53 खाली असेल, तर तिथे महापालिका ‘नियोजन प्राधिकरण’ म्हणून वागत असते आणि अधिकाराचा उगम वेगळा असतो. तो त्याच कायद्याच्या कलम 152 मध्ये आहे : आयुक्त किंवा त्यांनी त्यासाठी नेमलेला अधिकारी. एका कायद्याखालचा आदेश दुसऱ्या कायद्याच्या नोटिशीला पुरत नाही. तुमच्या शहरातल्या दहा नोटिसा घ्या आणि प्रत्येकीवर छापलेलं कलम वाचा. एकाच छापील नमुन्यात दोन्ही कायद्यांची कलमं घातलेली असली, तर सही करणाऱ्याने आपण कोणता अधिकार वापरतो आहोत याचा विचार केलेला नाही, असं समजायला जागा आहे.

आता मी पाहिलेला एक प्रसंग. स्थळ आणि संस्था सांगत नाही. समितीचा दौरा होता. सदस्यांसमोर टेबलावर नस्त्यांचा, म्हणजे सरकारी फायलींचा, गठ्ठा, मागे खातेप्रमुख उभे. एका सदस्याने दंडवसुलीची एक नोटीस उचलली, सहीवर बोट ठेवलं आणि साधा प्रश्न विचारला : ‘यांना हा अधिकार देणारा आदेश दाखवा.’ वीस मिनिटं धावपळ झाली. मग एक झेरॉक्स आली. झेरॉक्सची झेरॉक्स, कडेला पंच केलेल्या भोकात जावक क्रमांकाचा शेवटचा आकडा गेलेला. आदेश खरा होता. पण तो नावाने काढलेला होता, पदनामाने नाही, आणि ज्यांच्या नावाने होता ते गृहस्थ केव्हाच निवृत्त झाले होते. त्यांच्या खुर्चीवर नंतर तीन जण येऊन गेले. चौथा सही करत होता, त्याच्याकडे तर ‘अतिरिक्त कार्यभार’ होता. आदेशात दहा हजार रुपयांची मर्यादा होती आणि हातातली नोटीस त्याच्या कित्येक पट रकमेची होती. त्या खोलीत कोणाचा हेतू वाईट होता असं मला वाटलं नाही. जुनी पद्धत चालत आली होती आणि मूळ कागद कोणी पुन्हा उघडलाच नव्हता. पण त्या मधल्या काळात ज्यांनी दंड भरला, त्यांना कोणी काय उत्तर देणार?

त्या दिवसापासून माझ्या प्रश्नावलीत पहिला प्रश्न आदेशाच्या प्रतीचा असे, आणि ‘मूळ नस्तीसह’ हे शब्द अधोरेखित असत.

पुढचा टप्पा अधिक महत्त्वाचा. आयुक्तांनी उपायुक्तांना अधिकार दिला. उपायुक्तांनी तो सहायक आयुक्तांना दिला, त्यांनी तोंडी सांगून कनिष्ठ अभियंत्याला. हे चालतं का? ज्याला अधिकार सोपवला आहे त्याने तो कायद्यात स्पष्ट आधार असल्याशिवाय पुढे सोपवायचा नाही, हे तत्त्व आपल्याकडे पक्कं आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये साहनी सिल्क मिल्सच्या प्रकरणात ते नेमकं मांडलं. कर्मचारी राज्य विमा महामंडळाने ठराव केला होता की नुकसानभरपाई आकारण्याचा अधिकार महासंचालक ‘किंवा त्यांनी अधिकृत केलेला कोणताही अधिकारी’ वापरेल. न्यायालयाने म्हटलं, कायद्याने महामंडळाला अधिकार सोपवण्याची मुभा दिली आहे; महासंचालकाने तो आणखी कोणाला द्यावा, ही मुभा दिलेली नाही. ठरावाचा तो दुसरा भाग टिकला नाही. त्याआधी 1986 मध्ये ए. के. रॉय विरुद्ध पंजाब राज्य या निकालात अन्नभेसळीच्या खटल्यांबाबत हाच विचार आला होता : कायद्याने एखादी गोष्ट विशिष्ट पद्धतीने करायला सांगितली असेल, तर ती तशीच करायची, नाहीतर करायचीच नाही.

महापालिकांच्या आदेशांमध्ये ‘किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी’ हे शेपूट सर्रास लावलेलं दिसतं. मसुदा करणाऱ्याला ते सोयीचं वाटतं. तपासताना तुमची नजर आधी तिथे जायला हवी.

याची दुसरी बाजूही न्यायाने सांगायला हवी. खालच्याकडून काम करून घेणं म्हणजे प्रत्येक वेळी अधिकार सोपवणं नसतं. पाहणी करणं, मोजमाप घेणं, साक्षी नोंदवणं, अहवाल देणं हे कनिष्ठाकडून करून घेतलं आणि निर्णय सक्षम अधिकाऱ्याने स्वतः नस्ती वाचून घेतला, तर अधिकार खाली गेला असं होत नाही. प्रद्युतकुमार बोस यांच्या प्रकरणात, 1950 च्या दशकात, सर्वोच्च न्यायालयाने हा फरक मान्य केला आहे. म्हणून नोटिशीखाली ‘आयुक्तांकरिता’ असं लिहून कोणी सही केली, एवढ्यावरून चूक ठरत नाही. निर्णय आयुक्तांचा असेल आणि खालचा अधिकारी फक्त तो कळवत असेल, तर ठीकच आहे. प्रश्न नस्तीचा आहे. नस्तीत आयुक्तांची टिप्पणी, तारीख, सही आहे का? की ‘आयुक्तांकरिता’ हा शब्दच आयुक्तांच्या विचाराची जागा घेतो आहे?

आणि लाखो मिळकती असलेल्या शहरात आयुक्त एकटे सगळ्या सह्या करू शकत नाहीत, हे उघड आहे. अधिकार खाली द्यावेच लागतात, दिल्याने लोकांची कामं लवकर होतात. माझा आग्रह एवढाच की ते कागदावर द्यावेत. कारण कागद नसला की शेवटी भरडला जातो तो कनिष्ठ कर्मचारी. वरून तोंडी सूचना आल्या म्हणून सही केलेल्या एका तरुण अभियंत्याची विभागीय चौकशी मी जवळून पाहिली आहे. सूचना देणाऱ्यांपैकी एकानेही ‘हो, मी सांगितलं होतं’ असं लिहून दिलं नाही. तपासणीमुळे अधिकारी अडचणीत येतात असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी हे उदाहरण देते. लेखी आदेश त्या मुलाला वाचवू शकला असता.

आता खासगी कंपनी. तुमच्या प्रश्नातला सर्वांत गंभीर भाग हाच आहे. कलम 69 ‘महापालिका अधिकाऱ्या’बद्दल बोलतं, ठेकेदाराबद्दल नाही. मिळकतींची मोजणी, बिलांचं वाटप, संगणकात नोंदी ही सेवा आहे, ती कंत्राटाने घेता येते. पण हरकत ऐकून घेणं आणि ती मान्य की अमान्य हे ठरवणं हे कायद्याने दिलेलं काम आहे. कंपनीचा माणूस टेबलाच्या त्या बाजूला बसून नागरिकाला ‘तुमचं म्हणणं मान्य नाही’ असं सांगत असेल, तर महापालिकेने कोणत्या तरतुदीखाली त्याला तिथे बसवलं हे विचारायलाच हवं. बहुतेक वेळा उत्तर येतं की अंतिम सही आमच्याच अधिकाऱ्याची असते. मग पुढचा प्रश्न : एका दिवसात किती निकालांवर सही झाली? एका अधिकाऱ्याने एका दुपारी तीनशे निकालपत्रांवर सही केली असेल, तर ऐकलं कोणी आणि ठरवलं कोणी, हे सांगायला वेगळा पुरावा लागत नाही.

मुंबईतले क्लीन-अप मार्शल याच सीमेवरचं उदाहरण होते. 2006 च्या स्वच्छता उपविधींखालचा दंड रस्त्यावर प्रत्यक्ष घेणारी माणसं खासगी संस्थांची होती. दंड करणं म्हणजे शासनाची सक्ती वापरणं. ती खासगी हातात, आणि त्या संस्थेचं उत्पन्न दंडाच्या रकमेशी जोडलेलं, अशी रचना असेल तर तक्रारी येणार हे आधीच दिसतं. अशा करारातलं मोबदल्याचं कलम मी सगळ्यात आधी वाचते.

या बाबतीत इंग्लंडची एक व्यवस्था मला अनुकरणीय वाटते. तिथे स्थानिक संस्थेचं कायदेशीर काम बाहेरच्या माणसाला द्यायचं तर 1994 च्या एका कायद्याखाली मंत्र्याला आदेश काढावा लागतो, आणि त्याचा मसुदा संसदेच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केल्याशिवाय तो निघत नाही. मुलांच्या संरक्षणाशी निगडित कामं बाहेर देण्यासाठी 2014 मध्ये वेगळे नियम आले, तेव्हा नफा कमावणाऱ्या कंपन्यांना ती देता कामा नयेत यावरून मोठा विरोध झाला आणि सरकारला तशी अट घालावी लागली. काम हातातून जाण्याआधी चर्चा झाली. आपल्याकडे ती बहुधा काम गेल्यावर होते, तीही तक्रार आली तर.

याचं कारण आपल्या रचनेत आहे. राज्य शासनाने कायद्याखाली केलेले नियम विधिमंडळाच्या पटलावर येतात, दुय्यम विधिविधान तपासणारी समिती ते पाहते. पण कलम 69 खालचा आदेश हा नियम नाही. तो पटलावर येत नाही. कायद्याने त्यावर ठेवलेली नजर म्हणजे स्थायी समिती, तीही काही कलमांपुरती. आणि 2022 पासून राज्यातल्या बहुतेक महापालिकांमध्ये मुदत संपून प्रशासक आले, मुंबईत त्याच वर्षीच्या मार्चमध्ये. प्रशासक म्हणजे बहुतेक ठिकाणी आयुक्तच. त्यामुळे आयुक्त म्हणून अधिकार सोपवण्याचा प्रस्ताव मांडणारा, स्थायी समितीच्या वतीने त्याला पूर्वमान्यता देणारा आणि महासभेच्या वतीने ठराव करणारा माणूस एकच झाला. त्या काळातले ‘प्रशासकीय ठराव’ बेकायदा होते असं मी म्हणत नाही. पण दुसऱ्या डोळ्यांनी पाहावं म्हणून कायद्याने जी मान्यता ठेवली होती, तिचा तो हेतू त्या काळात साधला गेला नाही. अशा वेळी बाहेरून पाहणारं लोकनियुक्त सभागृह एकच उरलं होतं, ते म्हणजे विधिमंडळ. प्रशासकाच्या काळात काढलेले अधिकार सोपवण्याचे सगळे आदेश आजही तपासण्यासारखे आहेत, कारण नवीन सभागृह आलं म्हणून ते आपोआप रद्द होत नाहीत.

मग आमदारांच्या हातात काय आहे? जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांसाठी पंचायती राज समिती आहे. जिल्ह्यात ‘पीआरसी’ येणार म्हटलं की नस्त्या बाहेर निघतात, त्यातच तिची ताकद दिसते. महापालिकांच्या बाबतीत कॅगच्या, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांच्या, अहवालावरून लोकलेखा समितीला विषय घेता येतो. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि महिला-बालकांच्या कल्याणाच्या समित्याही महापालिकांची तपासणी करतात, आणि त्यांच्या विषयातल्या योजनांचे अधिकार कोणाकडे सोपवले हे त्या विचारू शकतात. बाकी हत्यारं नेहमीचीच, सभागृहातले प्रश्न आणि मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना, म्हणजे लक्षवेधी.

प्रश्न लिहिताना मात्र काळजी घ्या. आपल्याकडे तारांकित प्रश्न ‘हे खरे आहे काय’ या साच्यात जातो. तुम्ही ‘अमुक महापालिकेत अनधिकृत व्यक्ती नोटिसा काढत आहेत, हे खरे आहे काय’ असं लिहिलंत, तर उत्तर येईल ‘हे खरे नाही’, आणि पुढचे सगळे उपप्रश्न ‘प्रश्न उद्भवत नाही’ या तीन शब्दांत संपतील. त्याऐवजी असं विचारा, की विवक्षित दिनांकापासून कलम 69 खाली किती लेखी आदेश काढण्यात आले, त्यांचे दिनांक, कलमे, पदनामे व मर्यादा काय आहेत, त्यांपैकी कितींना स्थायी समितीची पूर्वमान्यता होती, आणि सोपवलेल्या अधिकारांखालच्या किती निर्णयांमध्ये आयुक्तांनी फेरबदल केला. शेवटचा भाग गाळू नका. कायद्याने आयुक्तांकडे फेरबदलाचा हक्क ठेवला आहे. पाच वर्षांत त्यांनी तो एकदाही वापरला नसेल, तर ‘नियंत्रणाखाली’ हे शब्द फक्त आदेशातच उरले आहेत.

नगरविकास विभाग कदाचित म्हणेल की हा महापालिकेच्या अखत्यारीतला विषय आहे. त्यावर कलम 451 दाखवा. महापालिकेचा किंवा तिच्या प्राधिकाऱ्याचा बेकायदा ठराव वा आदेश स्थगित करण्याचा, रद्द करण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. ज्याच्याकडे रद्द करण्याचा अधिकार आहे, त्याला माहितीच नाही असं चालत नाही. आणि मंत्र्यांनी सभागृहात ‘माहिती घेऊन कार्यवाही करू’ असं म्हटलं, तर ते वाक्य त्या दिवशीच्या कार्यवाहीतून उतरवून घ्या. ते आश्वासन ठरलं की आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते.

समितीकडून काय होणार नाही तेही सांगते. समिती आदेश रद्द करत नाही, ती शिफारस करते. प्रकरण न्यायालयात असेल तर त्याच्या गुणदोषांवर बोलता येत नाही. आणि आदेशात दोष सापडला म्हणून आजवरची प्रत्येक परवानगी, प्रत्येक दाखला कोसळावा असा आग्रह कृपा करून धरू नका. पदावर बसून, पद खरं मानून केलेल्या कामांना न्यायालयं बऱ्याच अंशी संरक्षण देतात, 1981 च्या गोकराजू रंगराजू निकालापासून तो विचार स्थिर आहे. सक्षम प्राधिकारी नंतर मान्यता देऊन काही दोष दुरुस्तही करू शकतो; 2006 मध्ये महाराष्ट्र राज्य खनिकर्म महामंडळाच्या प्रकरणात व्यवस्थापकीय संचालकाची कारवाई संचालक मंडळाच्या नंतरच्या मान्यतेने टिकली. मात्र दंड, पाडकाम, जप्ती यांत मी ही सवलत सहज देणार नाही. परवाना मिळालेल्या माणसाची त्यात चूक नाही, त्याला त्रास होऊ नये. ज्याच्यावर सक्ती झाली त्याला मात्र ती सक्षम हातून झाली का, हे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे.

तुमच्या कामाची सुरुवात उद्याच करता येईल. माहिती अधिकार अधिनियम 2005 च्या कलम 4 प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या अधिकाऱ्यांचे अधिकार आणि कर्तव्ये स्वतःहून प्रसिद्ध करायची असतात. महापालिकेच्या संकेतस्थळावरची ती माहिती काढा आणि तारखेसह छापून ठेवा. मग कलम 69 आणि कलम 152 खालच्या आदेशांच्या प्रमाणित प्रती मागा, दोन्हींसाठी वेगळे अर्ज करा. कर सुनावणीच्या कंपनीबरोबरचा करार मागा, त्यातलं कामाच्या व्याप्तीचं आणि मोबदल्याचं पान बघा. सुनावणीच्या एका दिवसाची हजेरी आणि त्याच दिवशीच्या निकालपत्रांची संख्या मागा. हे चार कागद हाती आल्याशिवाय लक्षवेधीचा मसुदा करायला घेऊ नका. आदेश मिळाले की इथे त्यांची तारीख, पदनाम आणि कलम तेवढं लिहा, नावं झाका. प्रश्नाचा मसुदा आपण मिळून करू.